लांबवायची गोळी

माझ्या नोकरीची मुदत ठरली तेव्हा मी आत चहा गाळत होते.

मोशीच्या आमच्या घरी लग्नाची बैठक बसली होती. हॉलमध्ये दोन्हीकडचे पुरुष, आत आम्ही बायका. मानपान ठरला, कार्यालय ठरलं, जेवणात जिलेबी की गुलाबजाम यावर वीस मिनिटं खल झाला. मग कुणीतरी खाकरून म्हणालं, "पोरगी कामाला जाते, त्याचं काय करायचं?" मुलाकडच्यांपैकी एका वयस्कर आवाजात उत्तर आलं, "जाऊ द्या की. पाळणा हलेपर्यंत करू द्या नोकरी." सगळे हसले. माझे वडीलही हसले. सुपारी फुटली. जिलेबीला वीस मिनिटं आणि माझ्या नोकरीला एक वाक्य. मी गाळणीतला चोथा इतक्या जोरात आपटला की चुलतीने वळून पाहिलं.

ही नोकरी मला कुणी ताटात वाढून दिलेली नव्हती. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाड्यांच्या ब्रेकमध्ये जाणारा तळहाताएवढा एक भाग आमच्याकडे बनतो. तो माप तपासायच्या गेजवर लावून बघायचा, बरोबर असेल तर हिरव्या क्रेटमध्ये, नसेल तर लाल क्रेटमध्ये. प्रत्येक क्रेटला टॅग, प्रत्येक टॅगवर पार्ट नंबर. दिसायला सारखे असणारे दोन भाग असतात, फक्त शेवटचा आकडा वेगळा. तो आकडा न वाचता माल पुढे सोडला की गेटपर्यंत बोंब होते. आमच्या घरात कामाला जाणारी मी पहिली मुलगी. शेती गेली तिथे वडिलांनी खोल्या बांधल्या, त्यात कंपन्यांतले कामगार भाड्याने राहतात. डिप्लोमा झाल्यावर मी नोकरीचं काढलं तेव्हा वडील म्हणाले होते, "आपल्या खोल्यांत राहणारी माणसं जिथं जात्यात, तिथं तू जाणार व्हय?" त्यावर वर्षभर भांडून मी कंपनीच्या बसमध्ये चढले होते.

"पाळणा हलेपर्यंत" हे कुणी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं, म्हणून तर त्याला कुणी हरकत घेतली नाही. पण मला हिशेब कळत होता. पाळणा लवकर हलला तर वर्षाच्या आत मी घरी. तेव्हा पाळणा कधी हलायचा हे मी ठरवणार, आणि ते लग्नाआधी ठरवणार, असं मी त्या रात्री भांडी घासताना मनाशी पक्कं केलं. तोवर मी कुणाशीही शरीराने जवळ आले नव्हते. होणाऱ्या नवऱ्याचा हात दोनदा धरला होता, त्यातला एकदा रस्ता ओलांडताना. म्हणजे सगळी तयारी कोऱ्या पाटीवर करायची होती.

आधी डॉक्टर. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मोशी सोडून संत तुकाराम नगरला गेले. डॉक्टर बाई होत्या, मला बरं वाटलं. त्यांनी विचारलं, "सोबत कोण आलंय?" कुणी नाही म्हटलं. "लग्न झालंय?" तीन आठवड्यांनी आहे म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अगं, मग आत्तापासून कसली घाई? पहिलं होऊ दे. पहिल्याच्या आधी गोळ्या घेतल्या की नंतर राहत नाही, मग रडत येतात मुली." मी म्हटलं, मला आत्ता नकोच आहे, म्हणून तर आले. त्या हसल्या. "मिस्टरांना घेऊन ये, दोघांशी बोलते." फी मात्र त्यांनी एकटीकडून घेतली. पहिल्याआधी गोळ्या घेतल्या तर पुढे मूल राहत नाही हे साफ खोटं आहे, हे मला पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. भिंतीवर एवढी सर्टिफिकेटं लावून बाई हे सांगत होत्या.

मग होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. तो देहूचा, घरचं वर्कशॉप बघणारा, स्वभावाने मऊ. मला तो आवडला होता आणि अजूनही आवडतो, याचाही मला राग येतो. मी सगळं आडवळण न घेता सांगितलं. तो म्हणाला, "तुला एवढं सगळं कसं माहिती?"

काय माहिती होतं मला? गोळी असते, कंडोम असतो, तांबी असते. दहावीच्या पुस्तकात होतं तेवढंच. तो धडा आमच्या बाईंनी "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता, आणि मी खरंच घरी वाचला होता, एवढाच माझा गुन्हा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने सॉरीचा मेसेज केला, आणि खाली, "ते तू बघ ना, मला त्यातलं काय कळतंय." एका दिवसात मी जास्त माहिती असलेली संशयास्पद बाईही झाले आणि खात्याची प्रमुखही.

आता चुलतीबद्दल सांगायला हवं. तिला आम्ही काकी म्हणतो. आमच्या घरात कधी कुठली पूजा, कुणाची पाळी कोणत्या तारखेला, हे सगळं काकीच्या डोक्यात असतं. गौरी-गणपती, सत्यनारायण, वास्तुशांत, काहीही असो, आठ दिवस आधी ती आमच्याकडे बघून बोटं मोजते. तारीख आडवी येत असेल तर देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर उघडते. त्यात कापूर, वाती, अष्टगंधाची डबी, आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची एक कापलेली स्ट्रिप. ती गोळी काढून हातावर ठेवते, तीर्थ द्यावं तशी. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा नववीत होते. गोळीचं नाव काय, त्यात काय असतं, कुणी विचारलं नाही, मीही नाही. तीर्थाचं नाव कोण विचारतं?

लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा मी सेकंड शिफ्टला जायच्या आधी आकुर्डीला गेले. स्टेशनच्या बाजूला एक मेडिकल आहे, कॉलेजच्या पोरांची गर्दी असते, मला कोण ओळखणार. मी बसमधून उतरून तीनदा त्या दुकानासमोरून गेले. काय म्हणायचं ते तोंडात घोळवत होते. "पाळणा लांबवायची गोळी" असं शुद्ध वाक्य मी तयार केलं होतं, सरकारी भिंतीवर असतं तसं. काउंटरवर माझा नंबर आला, मागे एक काका खोकत उभे होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "दादा, ती लांबवायची गोळी द्या ना."

पाळणा हा शब्द मी गिळला. ताकाला जाऊन भांडं लपवलं.

दुकानदार मध्यमवयाचा, चष्म्यावरून बघणारा. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "लग्न आहे का?"

"हो."

"तुमचंच?"

"हो."

"कधी?"

"पुढच्या रविवारी."

त्याने मनात काहीतरी मोजलं. "मग बुधवारपासून सुरू करा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. कार्य उरकेपर्यंत घ्यायच्या." स्ट्रिप कापली, कागदाच्या पाकिटात घातली, वर पेनने एक-एक-एक लिहिलं. चिठ्ठी मागितली नाही, सोबत कोण आहे विचारलं नाही, उपदेश केला नाही. "कार्य" हा शब्द ऐकून माझे कान तापले, पण किती सभ्यपणे म्हणाला बिचारा, असंही वाटलं. दुकानाबाहेर पडले तेव्हा मला रडू येत होतं. जगात एक तरी माणूस असा भेटला ज्याने मला मोठी बाई समजून, न हिणवता, मागितलं ते दिलं. अख्ख्या सेकंड शिफ्टमध्ये मी त्या माणसाला मनातल्या मनात आशीर्वाद देत होते.

घरी येऊन स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षरातलं औषधाचं लांबलचक नाव मोबाइलवर टाकलं. मी काही अगदीच भोळी नव्हे. इंग्रजीत पानभर माहिती आली, त्यात गर्भनिरोधक हा शब्द दोनदा होता. मला तेवढा पुरला. त्या शब्दाच्या आधी "कमी मात्रेत" असं काहीतरी होतं, ते मी वाचलं नाही. दिवसभर पार्ट नंबरचा शेवटचा आकडा वाचणारी मी.

बुधवारी गोळ्या सुरू केल्या. गुरुवारी दुपारी घरात पाहुण्यांची वर्दळ, दारात मांडव. काकी माझ्यासमोर उभी राहिली आणि बोटं मोजायला लागली.

"रवारी लगीन, मंगळवारी त्यांच्याकडं सत्यनारायण. तुजी तारीख सोमवारची हाय. आगं बया! माज्या ध्यानातनं गेलंच हुतं. चल आत."

तिने देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर उघडला. मी म्हटलं, "काकी, नको." कारण मला भीती होती, एक गोळी चालू असताना दुसरी कशी घ्यायची. तिने स्ट्रिप माझ्या हातात कोंबली. "नको काय? पूजेला बसायचं न्हाई का? घे गुमान."

मी आयुष्यात पहिल्यांदा ती स्ट्रिप उलटी केली. कंपनी वेगळी, वरचं नाव वेगळं, रंग वेगळा. मागे बारीक अक्षरात तेच लांबलचक नाव, पुढे तोच आकडा, पाच मिलिग्रॅम. मी धावत खोलीत गेले, पर्समधलं पाकीट काढलं, दोन्ही स्ट्रिपा शेजारी धरल्या. शेवटच्या अक्षरापर्यंत सारख्या.

मला कळायला वेळ लागला नाही. लग्न, तारीख, कार्य उरकेपर्यंत. दुकानदाराने पाळी धरली होती, मी मनात पाळणा म्हणत होते. एवढं सगळं करून मी आणलं काय, तर सत्यनारायणाची गोळी. तिच्या भरवशावर मी मंगळवारनंतर निवांत झोपणार होते. मग काही आठवड्यांनी सगळ्यांनी पेढे वाटले असते, आणि वयस्कर आवाजात कुणीतरी म्हणालं असतं, हलला बुवा पाळणा.

हसावं की रडावं असं म्हणतात, मला दोन्ही आलं नाही. मला त्या ड्रॉवरचा राग आला. नववीतल्या मुलीच्या हातावर ही गोळी ठेवताना कुणाला डॉक्टर आठवला नाही, पुढे मूल राहील का आठवलं नाही, एवढं कसं माहिती हे कुणी विचारलं नाही. माझ्या अंगात काय सुरू व्हावं नि काय थांबावं, हे देवासाठी, पाहुण्यांसाठी, भटजींच्या सोयीसाठी खुशाल ठरवता येतं. तिथे सगळे शहाणे. तेच मी माझ्यासाठी ठरवायला गेले तर अळीमिळी गुपचिळी. आणि सगळ्यात जास्त राग माझा मला आला, कारण त्या गुपचिळीत मीसुद्धा सामील होते. एक शब्द उच्चारायची लाज वाटली म्हणून मी माझी तीन वर्षांची नोकरी त्या काउंटरवर सोडून आले होते.

अंगाला उटणं लावायला बायका येणार होत्या. मी "ब्लाऊज आणायचाय" म्हणून स्कूटी काढली आणि थेट आकुर्डी गाठली. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. मी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, "ही पाळी लांबवायची आहे. मला पाळणा लांबवायची हवी होती. पाळणा."

एका पोराने हातातली पाण्याची बाटली तशीच धरून ठेवली. दुकानदाराने चष्मा काढला. "ताई, मग तसं सांगायचं ना. लग्न म्हणालात, मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं. मग विचारायचं ना तुम्ही, कोणती म्हणून."

"अहो, असं कसं विचारणार लेडीजला?"

म्हणजे तोही लाजला होता. आम्ही दोघं एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागलो होतो. पण माणूस खरंच बरा होता, हे मला कबूल करायला हवं. त्याने बाकीच्यांना थांबवून मला नीट समजावलं. ह्या गोळीने दिवस राहायचे थांबत नाहीत, तिच्यावर अजिबात विसंबू नका. रोजची गोळी वेगळी, ती पाळी आली की पहिल्या दिवसापासून सुरू करायची. तोपर्यंत कंडोम, प्रत्येक वेळी. आणि गोळी सुरू करण्याआधी एकदा बीपी वगैरे तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात विचारलंत तर ह्याच गोळ्या फुकट मिळतील. हे सगळं सांगायला त्याला चार मिनिटं लागली. जिलेबीपेक्षा कमी. मी दोन्ही घेतलं. त्याने काळ्या पिशवीत घालायला सुरुवात केली, मी म्हटलं, पिशवी नको.

शुक्रवारी मी त्याला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, इंद्रायणीच्या पुलाजवळ बोलावलं. भर दुपारी, त्याच्या गाडीत. डॅशबोर्डवर कंडोमचं पाकीट ठेवलं आणि म्हटलं, "मला आत्ता मूल नको. हे नसेल तर मंगळवारी काही नाही. लग्नाआधी सांगतेय."

तो पाकिटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "वर्षभर चालेल."

"वर्षभर म्हणजे?"

"वर्षभर थांबू म्हणतोय. पुढे घरचे ऐकणार नाहीत."

"पाळणा हलेपर्यंत नोकरी, हे ज्यांनी ठरवलं ते घरचे?"

त्याने गाडीची काच खाली केली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ते मीच सुचवलं होतं. आईला कामाला जाणारी सून नकोच होती, स्थळच मोडत होती. बैठकीत बोलले त्या आमच्या तात्यांना मी म्हटलं, असं सांगा, पाळणा हलेपर्यंत जाऊ द्या, नंतर ती आपोआप बसेल घरी. म्हणून तर आई हो म्हणाली. मी तुझी नोकरी वाचवली."

"वाचवलीस? तू तिच्यावर एक्सपायरी डेट छापलीस."

तो दुखावला. त्याला खरंच वाटत होतं की त्याने माझ्यासाठी काहीतरी केलं. लग्न मोडावं का, हा विचार त्या गाडीत माझ्या मनात पूर्ण येऊन गेला. मांडव पडला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि वर लिहिलंय तसं, तो मला आवडत होता. मी म्हटलं, "तारीख मी ठरवणार. वर्ष नाही, दोन नाही, मी सांगेन तेव्हा. कबूल असेल तर रविवारी ये." त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले. मग "बरं" म्हणाला. मी पाकीट उचलून पर्समध्ये ठेवलं. त्याच्याकडे दिलं नाही.

रविवारी तो आला. मंगळवारी सत्यनारायण झाला, मी पूजेला बसले, काकीची गोळी आपलं काम चोख करत होती. त्या रात्रीबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की पाकीट माझ्या पर्समध्ये होतं आणि ते मी आधी काढलं. पुढे पाळी आली, त्या दिवशी सकाळी रोजची गोळी सुरू केली.

ती ठेवायची कुठे हा प्रश्न होता. देहूच्या त्या घरात माझं कपाट सगळेच उघडायचे. मग मला ड्रॉवर आठवला. इथेही देव्हाऱ्याखाली ड्रॉवर होता, इथेही कापूर, वाती, आणि इथेही एक कापलेली स्ट्रिप. मी माझी स्ट्रिप तिच्याशेजारी ठेवली. दोन वर्षं त्या स्ट्रिपबद्दल कुणी काही विचारलं नाही. सासूबाई दर महिन्याला "काय गं, काय नवीन?" विचारायच्या, तो मोबाइलमध्ये तोंड खुपसायचा. एकदा शेजारणीसमोर त्या म्हणाल्या, "डॉक्टरला दावाया पायजे हिला." तो तिथेच बसला होता. त्याला सगळं माहीत होतं. तोंडातून एक शब्द काढला नाही. माझ्यात खोट आहे असं गावभर झालं तरी त्याला चालणार होतं, फक्त आईशी बोलायची वेळ त्याच्यावर यायला नको.

मागच्या महिन्यात एका सकाळी फर्स्ट शिफ्टची घाई होती. मी देव्हाऱ्यापाशी उभी राहून गोळी काढली आणि वळले, तर सासूबाई मागे. हातात फुलांची परडी.

"पूजेची का गं? आता तर कुटली पूजा न्हाई."

तोंडात "हो" तयार होतं. "लांबवायची आहे" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण अर्धा शब्द बोलून मी एकदा फसले होते.

"पूजेची नाही," मी म्हटलं. "पाळणा लांबवायची आहे. लग्न झाल्यापासून रोज घेतेय. त्यांना माहीत आहे, विचारा."

सोफ्यावर त्याने मोबाइल खाली ठेवला. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान खाली घातली, आणि त्यांना उत्तर मिळालं. त्या रागावतील, रडतील, माहेरी फोन लावतील, सगळ्याला मी तयार होते. त्यांनी परडी ठेवली. ड्रॉवर पुढे ओढून दोन्ही स्ट्रिपा बघितल्या. आपली ओळखली, ती आत सरकवली. माझी दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली.

"ही हितं नको ठिवू. द्येवाजवळ हाय."

मी स्ट्रिप घेतली. आतल्या स्ट्रिपकडे बोट दाखवलं. "ती चालते?"

त्यांनी परडी उचलली. मी माझी स्ट्रिप होती तिथे परत ठेवली, ड्रॉवर लावला, आणि बस गाठायला निघाले. संध्याकाळी येऊन बघितलं, तिथेच होती.